राजाची नारिंगं आणि आपल्या कुंड्या

पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा पाहायला गेलेली मंडळी आरसेमहालात इतकी रमतात, की दक्षिणेच्या बागेकडे जायचं राहूनच जातं. तुम्ही कधी गेलात तर मात्र जरूर जा. तिथं शंभर-शंभर पायऱ्यांचे दोन भव्य जिने आहेत आणि त्या दोन जिन्यांच्या मध्ये आहे झाडांचं घर, 'ओरांजरी'. चौदाव्या लुईसाठी मान्सार या वास्तुशिल्पकारानं ते १६८४ ते १६८६ मध्ये बांधलं.

मधलं दालन दीडशे मीटरहून लांब. भिंती चांगल्या जाडजूड आणि मोठाल्या खिडक्या दक्षिणेकडे, म्हणजे थंडीतलं ऊन थेट आत. त्या उबेवरच झाडं हिवाळा काढतात. मेच्या मध्याला हजारावर झाडं बाहेरच्या अंगणात मांडतात, ऑक्टोबरच्या मध्याला परत आत घेतात. नारिंगं, लिंबं, डाळिंबं आणि चक्क आपली कण्हेरसुद्धा! काही नारिंगांनी तर वयाची दोनशे वर्षं ओलांडली आहेत. राजे गेले, राजवाड्याचं संग्रहालय झालं, पेटीतली झाडं अजून फळताहेत.

हो, पेटीतली! एकही झाड जमिनीत नाही. चौकोनी लाकडी पेटी, तिला लोखंडी पट्ट्या. पेटीची बाजू उघडता येते. माळी वाढलेली मुळं छाटतो, ताजी माती भरतो आणि बाजू पुन्हा बंद करतो. एवढ्या दीर्घायुष्याचं मोठं गुपित या साध्या कामात आहे.

गंमत म्हणजे फ्रेंच 'ओरांज' हा शब्द मूळचा आपला 'नारंग'. फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे पोचला. आणि अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली. अशी ही देवाणघेवाण!

आपल्यापैकी कितीजणी भाड्याच्या जागेत राहतात. यजमानांची बदली झाली की बिऱ्हाड हलवायचं, म्हणून फळझाड लावायला मन धजत नाही. पण कुंडीतलं लिंबू सामानाबरोबर ट्रकमधून नव्या गावी येऊ शकतं.

त्यासाठी कागदी लिंबाचं कलमी रोप घ्या. बियांच्या झाडाला फळासाठी चार-पाच वर्षं थांबावं लागतं. कुंडी दीड फुटाची, तळाला भोकं हवीतच. जागा पाच-सहा तास उन्हाची. मातीत बोटाचं पेर खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. दोन-तीन वर्षांनी झाड काढून मुळांची कड छाटा आणि नव्या माती-शेणखतात पुन्हा लावा. पानांवर पाखराच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. हातानं वेचून टाका, नाहीतर चार दिवसांत पानं फस्त!

लिंबाला वेळ लागतो, तोवर शेजारी दहा इंची कुंडीत मिरची लावा. रोप लावल्यावर दोन-अडीच महिन्यांत फोडणीपुरत्या मिरच्या मिळू लागतात. हिरव्या असतानाच तोडत राहा, म्हणजे झाड पुन्हा बहरतं. पानं चुरडू लागली तर ती खुडून टाका आणि कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानांच्या खालच्या बाजूनं फवारा.

पुढच्या बदलीच्या वेळी ट्रकवाल्याला मात्र आधीच सांगून ठेवा: "भाऊ, कुंड्या सगळ्यात शेवटी चढवायच्या आणि सगळ्यात आधी उतरवायच्या."