पायांची निगा

तापीकाठच्या आमच्या बऱ्हाणपुरात वैशाख सरत आला की काही मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते. ज्येष्ठाच्या आरंभी मुक्ताईनगराहून, म्हणजे जुन्या एदलाबादेहून, संत मुक्ताबाईंची पालखी पंढरीस निघते. तीत यंदा कोण जाणार? इच्छापूरच्या वाटेने मुक्ताईनगर आम्हांस दूर नाही; पण तेथून पुढे बुलढाणा, जालना, बीड अशी वाट तुडवीत आषाढीपूर्वी पंढरपूर गाठावयाचे म्हणजे सुमारे महिनाभराची चाल. टाळ, पताका, अंथरूण-पांघरूण यांची तयारी सारेच करतात. ज्यांच्या बळावर हे सर्व व्हावयाचे, त्या पायांची आठवण मात्र पहिला फोड आल्यावर होते.

आम्हां चालणाऱ्यांत एक समजूत खोल रुजली आहे: फोड ही भक्तीची कसोटी आणि पायांची काळजी म्हणजे देहाचे चोचले. ही समजूत किती महाग पडते हे आम्ही जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोबतीस एक वयोवृद्ध गृहस्थ होते. मधुमेह जुना, नेम अनवाणी चालण्याचा. त्या व्याधीने पायांच्या नसा बधिर होतात. तापलेल्या डांबराने तळवा पोळला, फोड फुटला, तरी त्यांना वेदना म्हणून जाणवली नाही. तिसऱ्या मुक्कामी पाय धुताना शेजाऱ्याने जखम पाहिली, तोवर ती चिघळली होती. त्यांना परत पाठवावे लागले. पुढे एक बोट काढावे लागले, आणि वारी कायमची सुटली.

फोड नुसत्या दाबाने येत नाही. तो ओढीने येतो. पाऊल टेकले की पादत्राण कातडीला धरून ठेवते आणि आतले हाड पुढे सरकते. मधले थर ताणले जातात. असे हजारो वेळा झाले की ते आतल्या आत फाटतात व त्या पोकळीत पाणी भरते. ओलसर कातडी अधिक चिकटते, म्हणून ओढही वाढते. आमच्या वाटेवर आरंभी खानदेशातील उन्हाचा घाम आणि पुढे पावसाचा चिखल. पाय कोरडे राहावेत कसे?

उपाय साधे आहेत. नवी चप्पल वा नवा बूट घालून वारीस कधीही निघू नये. चालून पाय सुजतात, म्हणून बूट सायंकाळी घ्यावा आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. तो महिनाभर आधीपासून वापरावा. आमच्याकडे इच्छापूरच्या देवीपर्यंतची पायपीट ही उत्तम परीक्षा. तेथवर जो बूट टोचला, तो पंढरीस नेऊ नये. आत पातळ व बाहेर जाड असे दुहेरी मोजे घातले की घर्षण बरेचसे दोन मोज्यांतच जिरते. मोजे ओले होताच बदलावे, नखे सरळ कापावी, विसाव्यास पाय मोकळे करून बोटांमधील जागा पुसावी.

मुख्य नियम एकच: कातडीस चटका जाणवला की तेथेच थांबावे. राजूर घाट चढताना टाच प्रथम बोलते, तिचे ऐकावे. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी कोरड्या कातडीवर सुरकुती न पडू देता लावावी. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिच्यामुळे फोड स्पष्टपणे कमी झाल्याचे आढळले.

फोड आलाच आणि तो लहान असेल, तर फोडू नये. वरची कातडी हेच उत्तम आच्छादन. मोठा व दुखरा असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, कातडी तशीच ठेवावी व स्वच्छ पट्टी बांधावी. सुईतला दोरा फोडात ओवून ठेवण्याची जुनी रीत सोडावी. त्या दोऱ्यावाटे जंतू आत शिरतात. लाली पसरली, पू झाला वा ताप आला, तर वैद्यकीय पथक गाठावे. मधुमेह असणाऱ्यांनी फोडाला स्वतः हात लावू नये आणि अनवाणी चालू नये. नेम मोडल्याची खंत वाटत असेल, तर तेवढा वेळ नामस्मरणास द्यावा.

वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. ज्या पायांवर मस्तक ठेवावयाचे, त्यांचा तळवा पाहण्यास संकोच कसला? आमच्या सोबत्यांनी त्या वर्षापासून एक रीत पाडली आहे. सायंकाळी हरिपाठापूर्वी प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे तळवे कंदिलापाशी नीट पाहावयाचे. दोन मिनिटांचे काम. पण तेव्हापासून आमच्यातील कोणासही पायांमुळे अर्ध्या वाटेवरून परतावे लागलेले नाही.