पाठ ठोकून पाहताना

जठराच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणतो, "बरं आहे, फक्त खोकता येत नाही." माझे कान तिथेच टवकारतात. टाके दुखतात म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो. कफ साठतो, फुप्फुसाचा तळ आक्रसतो.

आधी गुपचूप मिनिटभर श्वास मोजतो. (चार्टवर सगळ्यांचेच श्वास 18 कसे, हे कोडंच!) मग त्याला बसवून पाठीला दोन्ही हात लावतो: कुठली बाजू कमी फुलते? नंतर बोटावर बोट ठोकायचं. 1761 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टर औएनब्रुगरने लिहून ठेवलेली छाती ठोकून पाहण्याची युक्ती अजून कामी येते. ठोका बद्द, श्वासाचा आवाज क्षीण. पण फुप्फुस आक्रसलंय की भोवती पाणी झालंय? गळ्याखालच्या खाचेत बोट ठेवतो. मोठा भाग आक्रसला असेल, तर श्वासनलिका त्याच बाजूला ओढलेली लागते; पाणी भरपूर असेल, तर पलीकडे ढकललेली. बिघाड थोडा असेल तर ती मधेच राहते, तेव्हा एक्स-रे हवाच.

तोवर वेदनाशामक देऊन, पोटाशी उशी धरून खोकायला लावतो, खुर्चीत बसवतो. नातेवाईक कुरकुरतात, "डॉक्टर, जरा आराम करू द्या ना त्यांना!" या आरामाचीच तर मला धास्ती.