दोऱ्याएवढं अंतर

"आजोबा, लंडन किती लांब आहे हो?" नातवानं परवा विचारलं.

"सुमारे ७,२०० किलोमीटर."

"म्हणजे किती?"

"विमानानं नऊ-दहा तास."

तेव्हा कुठं स्वारी खूष झाली. अंतर किलोमीटरनं मोजावं की घड्याळानं, हा वाद आपण मोठ्यांनी घालावा!

पण घड्याळ तरी कुठं एकवचनी असतं? लंडनला जाताना उंचावरचा पश्चिमेचा वारा विमानाच्या तोंडावर येतो. परतताना तोच पाठीशी असतो आणि तासभर वाचतो. एके काळी बोटीनं दोन-तीन आठवडे जात. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हा इथं विसावा घेत लंडनला पोचलं.

वाटेचंही तसंच. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर मुंबई-लंडन रेघ इराकवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो उत्तरेला सरकतो आणि इराण, कॉकेशस अशा वाटेनं जातो. जवळची वाट खरी ती!

हा दोऱ्याचा खेळ मी २०११ च्या जानेवारीत शिकलो. आमच्या घरात आजारपण होतं आणि डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्यायला सांगितलं होतं. त्याचं विमान लंडनहून सकाळी दहाला निघायचं, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन. मी तिच्या उशाशी गोल घेऊन बसलो.

"कुठवर आला हो?" ती दर थोड्या वेळानं विचारी.

आठ वाजता मी म्हणालो, "कॉकेशस ओलांडतोय." दहाला त्याला इराणवर आणला. बाराला म्हणालो, "आता समुद्र लागला. आलाच!" ती डोळे मिटून पडे, पण झोपत नसे.

साडेबारा वाजले, दीड वाजला. मुलगा आला नाही, आणि माझ्याजवळचा दोरा तर संपला होता! "सामान मिळायला वेळ लागतो," मी म्हणालो. ती काही बोलली नाही.

पहाटे चारला दार वाजलं. विमान लंडनहूनच दोन तास उशिरा सुटलं होतं. मी इराणवर आणला तेव्हा बिचारा कॉकेशसच्या आसपास होता!

तो तिच्याजवळ वाकला. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?"

पुढं ती तीनच दिवस होती.

तो दोरा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नातवाला मी लंडनची वाट त्यानंच दाखवली. त्यानं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं लंडनवर, आणि म्हणाला, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच, बाळा. फक्त इकडं कुणीतरी वाट पाहत असलं, की ते लांबतं."