देवराईचा हिशेब

आंबेगाव तालुक्यातल्या आहुपेच्या देवराईत भर दुपारीसुद्धा डोळे सरावायला वेळ लागतो. गारंबीचा वेल पिळे घेत एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, वर त्याच्या हातभर शेंगा. उन्मळून पडलेलं खोड पडल्या जागीच असतं. सालीवर बोट दाबलं तर भुसा गळतो, आत ओल लागते आणि त्या ओलीत अळ्यांचा अख्खा संसार. याच भागात हिरड्याच्या मोसमात माणसं झाडाझाडावर चढलेली असतात. पण राईतली वाळकी काटकी कुणाच्या चुलीत जात नाही. का, तर ते देवाचं.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या ‘देवाचं’ला दुसरी बाजू मिळाली. दुर्मिळ झाडांचं बियाणं इथे टिकतं, पाणी मुरतं, झरे उशिरापर्यंत वाहतात. विज्ञानाचं मला एक फार आवडतं. तिथे कुणीही पुन्हा मोजावं आणि आधीच्याला खोटं पाडावं, याला मुभा असते. देवऋष्याच्या अंगणात ती नसते.

पण राई तोडली तर काय जाईल, एवढंच विज्ञान सांगेल. ‘तोडू नकोस’ हे त्याच्या वहीत सापडत नाही. ते आपल्यालाच म्हणावं लागतं. ती जबाबदारी टाळायला हल्ली जंगलाच्या उपयोगाचे रुपये मांडतात. हेतू चांगला असेल, मला मात्र धास्ती वाटते. किंमत ठरली की उद्या कुणीतरी वरचढ बोली लावणारच.

आणि देवाचा धाक तरी कुठे पुरा पडला? उन्हापावसात उघड्यावर बसलेल्या देवाला पक्कं देऊळ हवंय, असं गावानेच ठरवायचं. मग कौल लावायचा, पाकळी हवी त्या बाजूला पडेपर्यंत. (देवही बिचारा कंटाळत असेल.) झाडं विकून सिमेंटचं देऊळ उभं राहतं, समोर फरशी, वर पत्रा. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापतो की गाभाऱ्यात पंखा लावावा लागतो.

तेव्हा जीर्णोद्धाराची पावती फाडायला कुणी दारात आलं, तर वर्गणी जरूर द्या. फक्त बाकीचा पैसा कुठून उभा करणार, तेवढं आधी विचारा.