२३ ग्रॅमने मोडलेली खोड

मी खडकीत वाढलो. धनराज पिल्ले ज्या खडकीचा, त्याच खडकीत. आमच्या वस्तीत पोरगं पळायला लागलं की मोडकी का होईना, हॉकी स्टिक त्याच्या हातात यायची. २०१५ मध्ये नोकरीसाठी फिनलंडमधल्या एस्पोला आलो, आणि ऑफिसातली मंडळी दर बुधवारी एका शाळेच्या जिममध्ये प्लॅस्टिकच्या काठ्या घेऊन भोकाभोकांच्या चेंडूमागे पळताना पाहिली. मला हसू आवरेना. फ्लोअरबॉल म्हणे. इकडचं नाव सालीबांडी. चेंडूचं वजन २३ ग्रॅम! आमचा हॉकीचा चेंडू १६० ग्रॅमच्या घरातला, नडगीवर बसला की आठवडाभर लंगडायला लावणारा. हे तर पोरांचं खेळणं, असं मी मनातच नाही, उघड बोलूनही दाखवलं.

पहिल्याच बुधवारी हौसेनं उतरलो. सवयीनं स्टिक वर उचलून चेंडू हाणला, तर शिट्टी. स्टिक कमरेच्या वर गेली होती. हॉकीत स्टिकची एकच बाजू चालते, म्हणून मी मनगट फिरवून ती उलटी करत राहिलो. इथे दोन्ही बाजू चालतात. माझं मनगट फिरेपर्यंत अकाउंट्समधल्या, पन्नाशी उलटलेल्या बाई चेंडू घेऊन पसारही झालेल्या असायच्या. तरी खोड जाईना. मला जमत नाही हे कबूल करण्यापेक्षा खेळच हलका ठरवणं सोपं होतं.

२०१६ च्या डिसेंबरात रिगाला विश्वचषकाची अंतिम लढत होती, फिनलंड विरुद्ध स्वीडन. ऑफिसातल्या एकाच्या घरी सगळे सामना बघायला जमले. गोलकीपरच्या हातात स्टिकच नसते. गुडघ्यांवर बसून तो अंगानं चेंडू अडवतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. सामना पेनल्टीपर्यंत गेला आणि फिनलंडनं ४–३ असा जिंकला. घरात जल्लोष. मी मात्र म्हणालो, “पण हा खेळ खेळणारे देश असे किती? विश्वविजेते म्हणजे स्वीडन नाहीतर फिनलंड. आमचं हॉकीचं बघा. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये आम्ही अमेरिकेला २४–१ नं धुतलं होतं!”

एका सहकाऱ्यानं शांतपणे विचारलं, “त्या वेळी किती संघ होते?”

मी तोऱ्यात फोन काढला. उत्तर होतं तीन. भारत, जपान आणि अमेरिका. लॉस एंजेलिसला बाकी कोणी गेलंच नव्हतं. त्यानं काहीच टोमणा मारला नाही, फक्त माझ्या कपात कॉफी ओतली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं.

त्या रात्री मी फिनलंडच्या संघाचा इतिहास वाचायला घेतला. हेतू अजूनही खोट काढण्याचाच होता. १९८६ मध्ये स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना काढली. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९९६ चा. स्टॉकहोमच्या ग्लोबेन सभागृहात पंधरा हजारांवर प्रेक्षकांसमोर स्वीडननं फिनलंडला ५–० नं हरवलं. २००० मध्ये अंतिम फेरीत पुन्हा तेच. २००२ मध्ये तर हेलसिंकीत, घरच्या लोकांसमोर. २००६ मध्ये ७–६, अगदी एका गोलानं. चार अंतिम सामने, चारही वेळा समोर स्वीडन, चारही वेळा हार. मग २००८ मध्ये प्रागला जादा वेळेत ७–६. आकडे तेच, जिंकणारे उलटे. २०१० मध्ये हेलसिंकीतच ६–२. त्यावरही स्वस्थता नाहीच. २०१२ मध्ये झ्युरिकला स्वीडननं ११–३ असा चुराडा केला, २०१४ मध्येही हरवलं. मी पाहिलेली २०१६ ची पेनल्टी या सगळ्यानंतरची होती. पुढे २०१८ मध्ये प्रागला ६–३ नं जिंकून त्यांनी चौथं विजेतेपद मिळवलं.

देश थोडे आहेत म्हणून विजेतेपद स्वस्त, असा माझा हिशेब होता. पण दर वेळी तोच एक बलाढ्य शेजारी समोर असेल, तर जिंकणं स्वस्त होत नाही, महाग होतं. जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कोणी दुसऱ्या खेळात असता, तर मी त्याचं कौतुक केलंच असतं. फिनलंडच्या मिका कोहोनेनला तो मान एकदा नव्हे, अनेकदा मिळाला, आणि मी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. अडाणीपणा माझा आणि कमीपणा मात्र त्यांच्या खेळाला.

माझं मत पुरतं बदललं, असंही नाही. पुरुषांचे सगळे विश्वचषक आजवर दोनच देशांत वाटले गेलेत, हे मला अजूनही खटकतं. फक्त ते आता मी १९३२ आठवून, जरा हळू आवाजात म्हणतो.

गेल्या सुट्टीत दोन स्टिक आणि एक चेंडू घेऊन खडकीला गेलो. मैदानावर चेंडू टाकला, तर तो वाऱ्यानंच पुढे निघाला. जुना मित्र म्हणाला, “हे काय रे, पोरांचं खेळणं आणलंस?”

वाक्य ओळखीचं होतं. मी वाद घातला नाही. त्याला शेजारच्या कार्यालयाच्या फरशीवर नेलं आणि म्हटलं, “घे माझ्याकडून.” दहा मिनिटं तो मनगट फिरवत राहिला.