फॉरमॅट मारू का?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की माणूस आधी झाडलोट करतो. डाउनलोड्समधल्या लग्नपत्रिका जातात, जुनी लाइट बिलं जातात. चार दिवस पट्टी निळी; मग एखादा विंडोज अपडेट येतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी मोठी एसएसडी घ्यावीच लागते, आणि दुकानातला मुलगा हमखास विचारतो, "काका, फॉरमॅट मारून देऊ का? एकदम मक्खन चालेल."

चालेल हो. पण मी क्लोनवाला, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवणारा. आपल्याकडच्या जुन्या कंप्युटरात शिवाजी नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेलं काहीतरी असतंच: सोसायटीची इतिवृत्तं, एखाद्या आजोबांच्या आठवणी. युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट. नव्या विंडोजवर फाइल उघडते, पण फॉन्ट नसला की आजोबांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड. क्लोन मात्र काही निवडत बसत नाही. फॉन्ट, कचरा, 'न्यू फोल्डर (३)', सगळं जिथल्या तिथे उचलून आणतो. त्याला अक्कल नाही, म्हणूनच माझा त्याच्यावर भरवसा.

१९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक कंप्युटरमध्ये पन्नास तबकड्यांचं, टनभर वजनाचं कपाट पन्नास लाख अक्षरं सांभाळायचं. आताच्या एम डॉट टू एसएसडीची पट्टी २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. ती तिरकी खोचायची. ती डोकं वर काढते. बोटाने दाबून धरायची आणि टोकाला एकच स्क्रू. हा स्क्रू मदरबोर्डवर घरंगळला की पुढची करमणूक घरातल्या सगळ्यांची.

क्लोन झाल्यावरही सी ड्राइव्ह जुन्याच मापाचा दिसला तर दुकानदाराला बोल लावू नये. वाढीव जागा असते, पण पलीकडे. शेजारचा प्लॉट मोकळा आणि मधे रिकव्हरी पार्टिशनचं खोपटं, असा मामला. ते सरकवल्याशिवाय 'एक्सटेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिकाच राहतो. एक टीबीचे ९३१ जीबी दिसतात तेही कुणी खाल्लेले नसतात. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

उरली जुनी एसएसडी. ती लगेच पुसू नये, आणि खणात टाकून वर्षानुवर्षं विसरूही नये. वीज मिळाली नाही तर तिच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. बाजारात यूएसबीची केसिंग मिळते. तिच्यात घालून अधूनमधून जोडावी, दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.