तबकडीत मावणारी पंगत

लग्नाचे दागिने तिजोरीत जातात आणि लग्नाची चित्रफीत माळ्यावर. वीसएक वर्षांपूर्वी मिनी डीव्ही कॅसेटवर चित्रित झालेले समारंभ उतरवून घेण्याची घाई आता अनेक घरांत चालली आहे, आणि ती रास्तही आहे. सोनी कंपनीने या कॅसेटींचे आणि लेखनयोग्य ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबाने थोरल्या मुलीच्या लग्नाच्या तीन कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या. तासाला सुमारे १३ जीबी, एकूण ३९ जीबी. आजींच्या खोलीत मात्र जुना डीव्हीडी प्लेअर, आणि साध्या डीव्हीडीची क्षमता अवघी ४.७ जीबी. त्यातही संगणकाने ती ४.३८ दाखवताच आजोबांना मापात खोट दिसली. खोट नव्हती, तबकडी बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या, एवढाच तो फरक.

पुढचा हिशेब वाटणीचा होता. एका डीव्हीडीत सुमारे ३७,६०० मेगाबिट मावतात. दोन तासांचे ७,२०० सेकंद धरले तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला ५.२ मेगाबिट येतात. तीन तास कोंबले तर जेमतेम ३.५. या वाट्यालाच बिटरेट म्हणतात, आणि आवाजाचा हिस्साही त्यातूनच द्यावा लागतो. वाटा फार घटला की वरातीतील नाच चौकटीचौकटींनी फुटू लागतो. चांगले सॉफ्टवेअर दोन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत हालचाल कोठे किती आहे हे पाहते आणि दुसरीत त्या मानाने वाटप करते. पाटावर स्थिर बसलेल्या वधूला कमी, नाचणाऱ्यांना जास्त. परंतु भांडवल तेवढेच राहते.

नातवाने व्यवहारी तोडगा सुचवला. तासभराचा भाग कापावा आणि उरलेले दोन तास एका डीव्हीडीवर नीट बसवावेत. कापण्याच्या यादीत त्याने पहिली घातली ती जेवणाची पंगत. आजींनी त्याला थांबवले आणि तो भाग पुन्हा लावायला सांगितला. पंगतीच्या त्या वीस मिनिटांत हातात जिलेबीचे ताट घेऊन आग्रह करणारे दिवाणजी होते. दुकानाच्या वह्या त्यांनी उभे आयुष्य लिहिल्या. आज ते हयात नाहीत, आणि त्यांचे चालते-बोलते चित्र दुसरे कोठेही नाही. लग्नाच्या वर्षी जो भाग कोणी दुसऱ्यांदा पाहिला नसता, तोच आता मंगलाष्टकांपेक्षा मोलाचा ठरला होता.

मग हिशेब नव्याने मांडला गेला. वाचणार काय होते? एका कोऱ्या तबकडीची किंमत. जाणार काय होते? जे एकदा गाळले की कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही, ते. तीन तास दोन डीव्हीडींवर दीड-दीड तास वाटले, तेव्हा सेकंदाचा वाटा जवळपास ७ मेगाबिटपर्यंत गेला आणि चित्र स्वच्छ राहिले. तुकडाही मिनिटांच्या काट्यावर न पाडता विधी संपला तेथे पाडला. त्यामुळे एक तबकडी पुढेमागे खराब झाली तरी दुसरी स्वतंत्रपणे पाहता येईल. ही झाली पाहण्याची प्रत. मूळ ३९ जीबी जसेच्या तसे दोन हार्ड डिस्कवर ठेवले. एक घरात, दुसरी मुलीच्या सासरी. लेखनयोग्य डीव्हीडीतील रंगद्रव्याला ऊन आणि उष्णता बाधते, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर मूळ ठेवा सोडायचा नाही, हेही ठरले.

चित्रफितीची बातमी दिवाणजींच्या मुलापर्यंत पोहोचली आणि तो संकोचत प्रत मागायला आला. त्याच्यासाठी नातवाने पंगतीची वीस मिनिटे वेगळी काढली. आकार भरला ४.३ जीबीच्या आसपास. एका डीव्हीडीवर ती मूळ स्वरूपात, काहीही न गाळता मावली. ही प्रत संगणकावरच पाहावी लागेल, असे नातवाने त्याला सांगितले. आजोबांनी तबकडीच्या पाकिटावर दिवाणजींचे पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहिले, आणि पैसे विचारणाऱ्या त्या मुलाला चहासाठी बसवून घेतले.